डबीवर ‘हर्बल’ लिहिलंय? आधी मागची बाजू वाचा

लग्नसराई आली की आठवडी बाजारात गोरेपणाच्या क्रीमला गिऱ्हाईक वाढतं. डबीवर कोरफडीचं चित्र आणि मोठ्या अक्षरात ‘हर्बल’. पण खरी माहिती मागच्या बारीक अक्षरांत असते. मोबाइलवर फोटो काढून, मोठा करून वाचा.

घटक : जो सर्वात जास्त, त्याचं नाव आधी. पहिलं नाव बहुतेक वेळा ‘अ‍ॅक्वा’, म्हणजे साधं पाणी. ‘अ‍ॅलो’ म्हणजे कोरफड. ती यादीच्या शेवटी असेल तर नावापुरतीच समजा.

परवाना : बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत हवीच. परदेशी मालावर आयातदाराचं नावही हवं. नसेल तर डबी परत ठेवा.

पारा : चार दिवसांत गोरं करणाऱ्या क्रीममध्ये पारा असू शकतो, आणि तो डबीवर लिहिलेला असेलच असं नाही. सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला आपल्याकडे बंदी आहे. कातडीतून अंगात गेलेला पारा किडनीवर घाव घालतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशी क्रीम लावणाऱ्यांना किडनीचा आजार झाल्याचं समोर आलं.

हळद-कोरफडही सगळ्यांनाच सोसते असं नाही. कोणतंही नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर तोंडाला लावू नका.

क्रीम वापरताना पाय-चेहरा सुजला, लघवीला फेस येऊ लागला, तर ते लगेच बंद करा. डबी मात्र फेकू नका. सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.