मोजपट्टी कोणाची, मूल कोणाचे?



कामगारांत वावरणाऱ्या माणसाने तान्ह्या मुलांच्या वाढीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण प्रमाण कोणी ठरवले आणि ते कोणाला लावले, हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. नव्या मागावर ठरलेले कामाचे प्रमाण जुन्या मागाला लावले, की विणकर आळशी ठरतो. आमच्या एका कामगार भगिनीचे अकरा महिन्यांचे मूल असेच एकदा 'मागे पडलेले' ठरले. ते रांगत नव्हते, एवढाच त्याचा अपराध! त्या माउलीच्या डोळ्याला महिनाभर डोळा लागला नाही. मूल पुढे न रांगताच उभे राहिले आणि चालू लागले. तेव्हापासून या विषयावरचे मिळेल ते मी वाचत आलो.

ही मोजपट्टी तयार होते कशी? निरनिराळ्या वयांची पुष्कळ मुले तपासतात. बसणे, उभे राहणे, चालणे यांपैकी प्रत्येक गोष्ट निम्म्या मुलांना कोणत्या वयात जमते आणि शंभरांतल्या नव्वदांना कोणत्या, याची नोंद करतात. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या मुलांवरून अशी एक चाचणी १९६७ साली प्रसिद्ध झाली. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातल्या चाचणीत ५८ हालचाली आहेत. तिची प्रमाणे तिथल्या २,२०२ मुलांवरून बांधली. पुढे तीच चाचणी नेदरलँड्समधल्या मुलांना लावली, तेव्हा दर चारांतली तीन मुले कॅनडाच्या मध्यरेषेखाली आली. आता डच मुलांना दुबळी कोण म्हणेल?

फरक बराचसा संगोपनाचा असतो. केनियातल्या किप्सिगिस लोकांत मुलांना बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवतात. त्या दोन गोष्टी ती मुले लवकर करतात. रांगण्यात मात्र पुढे नसतात, असे चार्ल्स सुपर यांनी १९७६ साली दाखवले. जे शिकवावे ते लवकर येते.

म्हणून परकी चाचणी नुसती भाषांतरित करून भागत नाही. ज्या मुलाने घरात जिना पाहिला नाही, त्याला 'जिना चढ' म्हणण्यात काय अर्थ? अशा बाबी बदलाव्या लागतात, आणि मग आपल्या मुलांवर वयाचे आकडे नव्याने काढावे लागतात. आपल्याकडे हे कष्टाचे काम प्रमिला फाटक यांनी बडोद्यात केले. नॅन्सी बेली यांच्या अमेरिकन चाचणीवरून त्यांनी भारतीय बालकांची प्रमाणे बसवली; त्यांत हालचालींच्या ६७ बाबी आहेत. त्याच बडोद्याच्या प्रमाणांतून १७ बाबी निवडून तिरुवनंतपुरमला १९९१ साली एक सुटसुटीत तक्ता झाला.

पण इथेच एक धोका आहे. अर्धपोटी मुलांवरूनच 'आपले' प्रमाण ठरवले, तर उपासमार हीच रीत ठरेल! 'इथली मुले उशिराच चालतात' असे म्हणून कोणी हात झटकू नये. मजुरी ठरवतानाही हीच युक्ती होते: आज मिळते तेच योग्य, असे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने म्हणून वेगळी वाट धरली. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतली, नीट पोसलेली ८१६ निरोगी मुले पाहून तिने २००६ साली आकडे दिले. आधाराशिवाय चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांत केव्हाही येते, असे दिसले. शंभरांतली सुमारे चार मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. आमच्या त्या भगिनीला हे कोणी सांगायला हवे होते!

तेव्हा तक्ता दाखवला, की नम्रपणे विचारा, 'ही मोजपट्टी कोणत्या मुलांची?' पण अठरा महिने होऊनही मूल चालत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर शेजारणीच्या दिलाशावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. खोट्या धास्तीने आई खचते आणि खोट्या धीराने मुलाचे उपचाराचे दिवस वाया जातात. योग्य मोजपट्टी हवी, ती या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी.