धडक देऊन पळालेले वाहन आणि मोटारीतील कॅमेऱ्याची साक्ष

धुळ्यास मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांस छेदतात. दुसरा पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा पूर्वेकडे जातो. या रस्त्यांवर मालमोटारींची वर्दळ रात्रीही खंडत नाही. एखादे वाहन सायकलस्वारास धडक देऊन अंधारात निघून गेले, म्हणजे मागे राहिलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘वाहन कोणते?’ हा. मागून येणाऱ्या एखाद्या मोटारीतील कॅमेऱ्याने, म्हणजे ज्यास आज सर्रास ‘डॅशकॅम’ म्हणतात त्या यंत्राने, तो क्षण टिपलेला असू शकतो. ही चित्रफीत नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून कशी उभी राहते आणि तिला शब्दांची जोड का लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न कायद्याचा असला तरी चिन्ह आणि विधान यांतील भेदाचे ते एक बोलके उदाहरण असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकांसही तो उद्बोधक ठरावा.

१. व्याख्या आणि तिचे परिणाम

‘हिट अँड रन’ या शब्दप्रयोगाचा व्यवहारातील अर्थ ‘धडक देऊन पळणे’ असा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १४५ मधील अर्थ मात्र निराळा आहे. वाजवी प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटू शकत नाही, त्या वाहनामुळे झालेला अपघात, असा तो अर्थ होय. म्हणजे पळून जाणे हे येथे व्यवच्छेदक लक्षण नव्हे. ओळख न पटणे हे आहे. चालक पसार झाला, परंतु वाहनाचा क्रमांक कळला, तर तो अपघात या वर्गात राहत नाही.

या भेदावर कुटुंबाचे भवितव्य अवलंबून असते. वाहन अज्ञात राहिल्यास १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये अशी ठरीव रक्कम मिळते. पूर्वी हेच आकडे २५,००० व १२,५०० असे होते. चौकशी तहसीलदार वा उपविभागीय अधिकारी करतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतो. उलटपक्षी, वाहन ओळखले गेल्यास कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. तेथे मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा हिशेब होतो, आणि वाहनाच्या सक्तीच्या विम्यातून रक्कम मिळू शकते. तरुण, मिळवता माणूस गेला असेल तर ही रक्कम २ लाखांच्या अनेक पट होऊ शकते. क्रमांकपट्टीवरील एमएच १८ हे धुळ्याचे, एमएच १९ हे जळगावचे. परंतु त्यापुढील अक्षरे व आकडे वाचता आले, तरच नोंदणीवरून मालक आणि मालकावरून विमा कंपनी असा माग लागतो.

येथे वेळेसही महत्त्व आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ खालील अर्जास अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली. महिन्याभरात वाहनाचा तपास लागला नाही, तर कलम १६१ खालील भरपाईची माहिती पोलिसांनी वारसांस लेखी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ रोजी निर्देशिले. ही रक्कम घेतल्याने पुढचा मार्ग बंद होत नाही. चित्रफीत मागाहून हाती येऊन पूर्ण भरपाई मंजूर झाल्यास कलम १६३ प्रमाणे आधीची रक्कम परत करावी लागते, इतकेच.

२. यंत्राच्या मर्यादा

हा कॅमेरा चक्राकार पद्धतीने चित्रण करतो. स्मृतिपत्र भरले की सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे साठवतो. अनेक यंत्रे धक्का जाणवताच तो भाग राखून ठेवतात खरी, पण तो धक्का आपल्या मोटारीस बसलेला असावा लागतो. पुढे घडलेला अपघात केवळ पाहणाऱ्या मोटारीतील चित्रण म्हणूनच लवकर नष्ट होते. ते टिकवावयाचे तर चित्रण थांबवून स्मृतिपत्र तत्काळ काढून ठेवले पाहिजे. यंत्राचे घड्याळ चुकीचे असेल तर पडद्यावरील तारीख-वेळ विश्वसनीय राहत नाही. तो फरक त्याच दिवशी लिहून ठेवावा. रात्री दिव्यांच्या झोताने क्रमांकपट्टी नुसती पांढरी दिसते. अशा वेळी वाहनाचा रंग, मागील फळीवरील मजकूर, ताडपत्रीचा आकार ही गौण चिन्हे तपासास उपयोगी पडतात.

३. चित्रफितीस लागणारे शब्द

या विषयावरील प्रमुख निर्णय खानदेशापासून फार दूर नसलेल्या जालन्यातील एका निवडणूक वादातून निघाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांची उमेदवारी अर्जे मुदतीनंतर दाखल झाली की काय, हे ठरविण्यासाठी निवडणूक कार्यालयातील चित्रण पुढे आले. परंतु अधिकाऱ्यांनी त्याचे प्रमाणपत्र दिले नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मूळ साधनच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केले तर प्रमाणपत्र नको. प्रत दिली तर ते अनिवार्य होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांचे आहे: एक साधन बाळगणाऱ्याचे, दुसरे तज्ज्ञाचे. त्यात ‘हॅश’ मूल्य नोंदवावे लागते. चित्रफितीतील एक बिंदू बदलला तरी हे मूल्य बदलते, म्हणून ते तिचे अंगठ्याच्या ठशासारखे अभिज्ञान ठरते. दावा न्यायाधिकरणाची कार्यपद्धती संक्षिप्त असते व तेथे शक्यतेचे पारडे पाहिले जाते, हे खरे. तथापि विमा कंपनीचा आक्षेप टाळावयाचा तर मूळ स्मृतिपत्र जपून ठेवणे व प्रतीस प्रमाणपत्र जोडणे हाच सुरक्षित मार्ग होय.

चित्र स्वतः काही विधान करीत नाही. ‘हे वाहन तेच’, ‘ही वेळ तीच’ ही दर्शक विधाने माणसासच करावी लागतात, आणि उलटतपासणीही माणसाचीच होते.

कॅमेऱ्यात ध्वनीही साठतो, आणि खानदेशात तो बहुधा अहिराणीत असणार. ‘ट्रक पयी गया’ याचे ‘ट्रक पळून गेला’ असे लेखन निरुपद्रवी आहे. पण ‘नंबर देखस’ याचे काय करावे? अहिराणीत मी, तू, तो या तिन्हींस ‘देखस’ हे एकच रूप चालते. प्रमाण मराठीत लिहिणाऱ्यास ‘पाहतो’, ‘पाहते’ वा ‘पाहतोस’ यांपैकी एक निवडावेच लागते. आणि क्रमांक प्रत्यक्ष कोणी पाहिला, हा कळीचा तपशील अशा रीतीने भाषांतरकाराच्या पदरचा होतो. म्हणून मूळ उच्चार जसाच्या तसा लिहून मराठी अर्थ त्याखाली स्वतंत्रपणे द्यावा, आणि बोलणारा कोण हे त्यालाच साक्षीत सांगू द्यावे.

चालक कोण होता, किंवा दोष सर्वस्वी त्याचाच होता, हे चित्रफीत नेहमीच सिद्ध करू शकेल असे नाही. परंतु अज्ञात वाहनास क्रमांक मिळवून देणे हे तिचे पहिले कार्य आहे. आणि कलम १४५ च्या व्याख्येनुसार तेवढ्यानेही दाव्याचे स्वरूप पालटते.