सातचा भोंगा आणि दीड तासाची सुट्टी

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. संध्याकाळी सात वाजता तिथे देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला दुसरा भोंगा, की मग मोकळीक! मधल्या वेळात मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, गप्पा मारतात. १४ ऑगस्ट २०२२ ला गावाच्या बैठकीत हे ठरलं आणि स्वातंत्र्यदिनापासून सुरू झालं.

कारण होतं कोरोनाचं. ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना. विषय निघाला तेव्हा पुरुषमंडळींनी चेष्टा केली. मग ग्रामपंचायतीने बायकांना बोलावलं. आपण मालिका जरा जास्तच बघतो हे त्यांनी सरळ कबूल केलं, आणि बंद पाळायचा तर सगळ्या गावाने, असं सांगितलं. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. मला तर 'सगळ्या गावाने' हीच यातली मोठी अक्कल वाटते. शेजारच्या घरातून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येत असेल, तर एकट्याचा निश्चय किती टिकणार?

त्यातून मोबाइलवरचा मजकूर संपतच नाही. पूर्वी वेबसाइटवर पान संपायचं, पुढच्या पानासाठी बटण दाबावं लागायचं. तेवढ्यात माणूस भानावर यायचा. २००६ मध्ये एझा रॅस्किन या अमेरिकी डिझायनरने कितीही खाली सरकवलं तरी न संपणाऱ्या पानाची रचना केली. पुढे त्याने याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. 

स्क्रीन बोटाने खाली ओढून सोडली की नवं काहीतरी येतं, ती युक्ती लॉरेन ब्रिक्टर या प्रोग्रामरची. २००९ मध्ये त्याच्या ट्विटी या ॲपमधून ती जगभर गेली. आता ॲप आपलं आपण ताजं होऊ शकतं, तरी ओढायची सवय काही जात नाही. लॉटरीचं तिकीट खरवडण्यासारखीच उत्सुकता ती!

बरं, फोन नुसता पालथा घालून भागतं का? टेक्सास विद्यापीठातल्या एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी सुमारे ८०० जणांना परीक्षेसारखे प्रश्न सोडवायला दिले. कुणाचा फोन टेबलावर पालथा, कुणाचा खिशात किंवा पिशवीत, कुणाचा दुसऱ्या खोलीत. आवाज सगळ्यांचेच बंद. २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार दुसऱ्या खोलीवाल्यांनी टेबलवाल्यांना मागे टाकलं. तेव्हा अभ्यासाच्या वेळी पोरांचा आणि आपलाही फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा, हे उत्तम.

फोनपासून दूर राहण्याबद्दल पहिल्या मोबाइलवाल्याचंही ऐका. हातात धरायच्या मोबाइलवरून जगातला पहिला कॉल केला मार्टिन कूपर यांनी, ३ एप्रिल १९७३ ला, न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून. तो फोन किलोभराहून जड होता. दिवसाला पाच तास फोनवर घालवणाऱ्यांना काय सांगाल, असं २०२२ मध्ये बीबीसीने त्यांना विचारलं. जरा जगा की, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी हसत दिलं. स्वतः आपल्या वेळेचा पाच टक्क्यांहून कमी भाग फोनला देतो, असंही त्यांनी तेव्हा सांगितलं.

आणि माझी सगळ्यात आवडती बातमी दक्षिण कोरियाची. सोलमध्ये २०१४ पासून काहीही न करण्याची स्पर्धा होते. वूप्सयांग या कलाकार बाईंची ही कल्पना. ९० मिनिटं शांत बसायचं. फोन नाही, बोलणं नाही, झोपणं नाही. मधूनमधून नाडी मोजतात, प्रेक्षक मतं देतात. ज्याचे ठोके सगळ्यात स्थिर आणि मतं भरपूर, तो जिंकतो. २०१६ मध्ये क्रश नावाच्या प्रसिद्ध गायकाने बाजी मारली. आपल्या गणेशोत्सव मंडळांनी रांगोळी, पाककृती, संगीत खुर्चीच्या जोडीला हीसुद्धा ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. खर्च फक्त एका सतरंजीचा, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना एकाच गटात उतरता येईल.