गतिरोधकाचे गणित

गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला की गाड्यांचा वेग वाढतो. मग कोणीतरी उरलेल्या काँक्रीटचा एक उंचवटा घरासमोर टाकून देतो. वर्ध्याचे रामनगर असो की हिंगणघाटची एखादी वस्ती, हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे. पण अशा उंचवट्याने वेग खरोखर कमी होतो का?

आधी वेग कमी का करायचा ते पाहू. समजा, चेंडूमागे धावणारे मूल मोटारीपुढे १५ मीटरवर एकाएकी रस्त्यात आले. ते दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत चालकाचा साधारण एक सेकंद जातो. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात ८.३ मीटर पुढे येते. कोरड्या रस्त्यावर मंदन ६ मी/से² धरले, तर आणखी ५.८ मीटरवर ती थांबते. मूल वाचते. वेग ताशी ५० असेल तर पहिल्या सेकंदातच १३.९ मीटर संपतात. ब्रेकसाठी जेमतेम एक मीटर उरतो आणि धडक बसते ती ताशी ४८ किलोमीटरने! विद्यार्थ्यांना v² = u² + 2as वापरून हे स्वतः काढू द्यावे.

आता उंचवटा. तो ३० सेंटिमीटर रुंद असेल, तर ताशी ५० च्या वेगाने चाक तो सुमारे ०.०२ सेकंदात ओलांडते. इतक्या अल्प वेळात जडत्वामुळे मोटारीचा सांगाडा फारसा वर उचललाच जात नाही; धक्का टायर आणि स्प्रिंगा पचवतात. हाल होतात ते सायकलस्वाराचे, कारण त्याच्याजवळ स्प्रिंगा नसतात. म्हणजे ज्याला अडवायचे तो सुटतो आणि ज्याच्यापासून धोका नाही तो सापडतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांतील गतिरोधक वेगळाच आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची फक्त १० सेंटिमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटरने तो ओलांडायला अर्धा सेकंद लागतो आणि गाडी अलगद वर जाऊन खाली येते. ताशी ५० ने मात्र तीच चढउतार पाव सेकंदात करावी लागते. ही मुदत सांगाड्याला हलवण्याइतकी मोठी असते, म्हणून हिसका थेट चालकालाच बसतो. त्यावर रंगाचे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलकही हवा. अंधारात न दिसणारा गतिरोधक दुचाकीस्वाराचा घात करतो.

गंमत अशी, की गतिरोधकांच्या आरंभीच्या आराखड्यांपैकी एक १९५३ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारासाठी झाला, तो आर्थर कॉम्प्टन यांच्या हातून. होय, पाठ्यपुस्तकातल्या ‘कॉम्प्टन परिणामा’चे आणि १९२७ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ते हेच!

शाळेजवळच्या रस्त्याची तपासणी सोपी आहे. कुंपणाच्या आत उभे राहून ५० मीटर अंतरावरचे दोन खांब निवडावे आणि गाडीला लागणारा वेळ मोजावा. ६ सेकंद म्हणजे ताशी ३०, ३.६ सेकंद म्हणजे ताशी ५०. गतिरोधकाच्या अलीकडे मोजावे तसे पलीकडेही मोजावे आणि नोंदींचा तक्ता अर्जासोबत नगरपरिषदेकडे द्यावा. काँक्रीटचे घमेले मात्र स्वतः उचलू नये.