बिबट्याच्या मुलखात परगावच्यांचा मुक्काम: जुन्नर-आंबेगावात आसरा मिळतो, पण अभय?

दिवाळीच्या आसपास जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बाहेरची माणसं मुक्कामाला येतात. बीड, अहिल्यानगरकडचे ऊसतोड कामगार आणि मेंढरं घेऊन फिरणारे धनगर. महिनोन्‌महिने परक्या गावात राहायचं, तर जागा देतं कोण?

मेंढपाळांचा हिशोब जुना आहे. शेत मोकळं झालं की शेतकरीच म्हणतो, "आमच्या रानात मेंढरं बसवा." रात्रभर बसलेल्या कळपाच्या लेंड्या आणि मुतानं जमिनीला फुकटात उत्तम खत मिळतं. बदल्यात वाड्याला, म्हणजे धनगरांच्या मुक्कामाला, धान्य किंवा पैसे आणि विहिरीचं पाणी. लेखी काहीच नाही. शब्दावर चालतं, आणि नांगरट आली की पुढचं रान.

ऊसतोडीचं तसं नाही. जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर, या दोन साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मुकादम टोळ्या आणतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे मधेच निघून जाता येत नाही. राहायला कोपी, तीही बांबू, पाचट, ताडपत्रीची, स्वतःच बांधलेली. स्थलांतरित कामगारांसाठी 1979 साली केंद्राचा कायदा झाला, त्यात निवाऱ्याची तरतूदही होती. पण तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी. बीडहून पुणे जिल्ह्यात आलेला माणूस त्यात बसत नव्हता.

इथवर झाला आसरा. अभय ही वेगळी गोष्ट.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी इथे बारमाही ऊस आणला, आणि उसानं बिबट्या. लपायला जागा, प्यायला पाणी, खायला कुत्री-शेळ्या; माद्या उसातच पिल्लं देतात. तोडणी पुढे सरकते तशी बिबट्याची लपण कमी होते, आणि कोपी नेमकी त्याच फडाच्या कडेला असते. मेंढपाळ तर उघड्यावरच. या भागात त्यांची लहान मुलं बिबट्यानं नेल्याच्या घटना घडल्या आहेत. गंमत बघा, आंबेगावच्या पश्चिमेला 1985 पासून भीमाशंकर अभयारण्य आहे. तिथल्या शेकरूला सरकारनं लेखी अभय दिलंय.

वन विभागानं 2024 मध्ये जुन्नर वन विभागातली 233 गावं बिबट आपत्तीप्रवण ठरवली. जुन्नर, आंबेगावसोबत खेड आणि शिरूरची गावंही त्यात आहेत. मेंढपाळांना तंबू आणि सौरदिवे वाटले गेले. माणूस दगावला तर वारसांना 25 लाखांची मदत आहे, मेंढी मेली तरी भरपाई आहे. पण त्यासाठी 48 तासांत कळवायचं, पंचनामा होईपर्यंत थांबायचं. कळपाला चारा हवा असतो, वाडा थांबत नाही.

मुलांना मागे गावीच ठेवता यावं म्हणून राज्यानं 2021 मध्ये संत भगवान बाबा वसतिगृह योजना आणली. ती ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी, तीही शाळेत जाणाऱ्या. तान्हं मूल मात्र आईबरोबर फडावरच येतं आणि बांधावरच्या झोळीत झोपतं.

तुमच्या रानात वाडा किंवा कोपी असेल आणि बिबट्या दिसला, तर वन विभागाचा नंबर 1926. परगावच्या माणसाला तो माहीत असेलच असं नाही.