विश्लेषण : सावित्रीबाईंच्या प्रशिक्षणाशी नगरचा संबंध काय? कोण होत्या सिंथिया फरार?

दरवर्षी ३ जानेवारी जवळ आली, की देवळाली प्रवरा आणि राहुरी फॅक्टरी परिसरातील व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरू लागतो. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण आपल्या नगरमध्ये घेतले, असे त्यात असते. फरार नावाच्या एका मॅडमचा ओझरता उल्लेखही असतो. उत्सुकतेपोटी 'फरार, नगर' असे सर्च केले, तर पोलिसांना गुंगारा देणाऱ्या आरोपींच्याच बातम्या समोर येतात. त्यामुळे बहुतेकांचा शोध तिथेच थांबत असावा. संदेशातली माहिती सावित्रीबाईंच्या चरित्रांशी जुळते, पण त्यामागची गोष्ट एका ओळीत मावणारी नाही.

फरार नगरला कशा आल्या?

सिंथिया फरार यांचा जन्म १७९५ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरचा. बोस्टनच्या 'अमेरिकन बोर्ड' या ख्रिस्ती संस्थेचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यांचे काम पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखले गेले. मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. या शाळांवर देखरेख करायची ती मिशनऱ्यांच्या पत्नींनी. घर, बाळंतपणे आणि इथल्या हवेतली आजारपणे सांभाळून हे काम होईना. म्हणून संस्थेने अविवाहित शिक्षिकेला पाठवायचे ठरवले. फरार जून १८२७ मध्ये बोस्टनहून निघाल्या आणि डिसेंबरअखेर मुंबईत पोहोचल्या. म्हणजे जवळपास सात महिने प्रवासातच गेले.

परदेशात गेलेल्या 'पहिल्या' अविवाहित अमेरिकन मिशनरी असा त्यांचा उल्लेख होतो. इथे थोडी दुरुस्ती हवी. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय बेट्सी स्टॉकटन १८२३ मध्येच हवाई बेटांवर पोहोचल्या होत्या. 'पहिल्यांपैकी एक' म्हणणे अधिक बरोबर.

प्रकृती ढासळल्याने फरार मधल्या काळात मायदेशी गेल्या. १८३९ मध्ये त्या परतल्या आणि नगर हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेही नगरलाच.

अडचण कोणती होती?

मुली मिळणे ही पहिली अडचण. दुसरी अधिक चिवट होती. नऊ-दहाव्या वर्षी लग्न ठरायचे आणि मुलगी जेमतेम वाचू लागली, की शाळा सुटायची. शिकवायला बहुधा पुरुष पंतोजी असत. त्यामुळे पालकांचा संकोच वाढे. मुली टिकत नसल्याने शिक्षिका तयार होत नव्हत्या आणि शिक्षिका नसल्याने मुली येत नव्हत्या. हे चक्र तोडायचे, तर इथलीच, मराठी बोलणारी शिक्षिका हवी होती.

फुले दाम्पत्याचा संबंध इथेच येतो. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. नगर भेटीत जोतीरावांनी मिशनच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंचे लग्न १८४० मध्ये, नवव्या वर्षी झालेले. ज्या वयात इतर मुलींची शाळा सुटायची, त्या वयानंतर त्यांचे शिक्षण सुरू झाले. आधी जोतीरावांकडे घरी, पुढे शिक्षिकेचे प्रशिक्षण नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये मिचेलबाईंकडे, असे चरित्रकार नोंदवतात.

मग श्रेय कोणाचे?

सोशल मीडियावरचा वाद इथेच पेटतो. काहींना मिशनरींचे नावही नको असते, तर काही जण सगळे श्रेय त्यांनाच देऊन मोकळे होतात. मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. बायबल शिकवणे हा अभ्यासाचाच भाग होता. धर्मांतराच्या भीतीने पालक मुले शाळेतून काढून घेत. दुसरीकडे, फुले दाम्पत्याने शिकवण्याची पद्धत घेतली, धर्म घेतला नाही. शेणामातीचा मारा सोसून रोज शाळेत जायचे, हे तर कोणत्याच प्रशिक्षणात नसते. माझ्या मते फरारबाईंचे नाव घेतल्याने सावित्रीबाई तसूभरही लहान होत नाहीत.

या देवघेवीचा एक ठळक पुरावा छापील आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये नगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. त्याच 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. मुक्ता फुल्यांच्या शाळेत शिकत होती. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. मिशनच्या नियतकालिकात छापून आलेला हा सवाल तिने मिशनऱ्यांना नव्हे, थेट देवाला विचारला होता.