हॅटट्रिकवीर नेव्हिल डिसूझा

मूळ गोव्याचे, कर्मभूमी मुंबई. जन्म १९३२, मृत्यू १९८०. फुटबॉलमधील जागा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या फळीचा मधला खेळाडू. गोल करणे हे त्याचे मुख्य काम.

• क्लब : टाटा स्पोर्ट्स, कॅलटेक्स.

• १ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिंपिक : उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियावर भारताचा ४-२ असा विजय. ९, ३३ आणि ५०व्या मिनिटाला डिसूझांचे गोल. पहिल्या दोन्ही वेळा ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तिसऱ्या गोलनंतर मात्र भारताची आघाडी तुटली नाही. चौथा गोल सहकारी किट्टू यांचा.

• विक्रम : ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे पहिले आशियाई.

• उपांत्य फेरी : युगोस्लाव्हियाकडून १-४ असा पराभव. भारताचा एकमेव गोल डिसूझांचाच. एकूण ४ गोलांसह स्पर्धेतील संयुक्त सर्वाधिक गोल.

• ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक : हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम.

• फरक लक्षात घ्या : डिसूझांचा विक्रम ऑलिंपिकमधला; भारतासाठी एकूण सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल सुनील छेत्री यांचे आहेत. जून २०२४मधील निवृत्तीपर्यंत १५१ सामन्यांत ९४. नंतर ते पुन्हा मैदानात उतरले.

• मेलबर्नमध्ये संघाचे स्थान : कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ०-३ असा पराभव, चौथा क्रमांक. ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.